स्टुलावरचे केस

हंबीररावांनी चिमणाबाईला पहिल्यांदा पाहिलं ते पाठीमागून, आणि तिथल्या तिथं मनात हिशेब मांडून टाकला. हुंडा मागितला तर एक मोटारसायकल आणि थोडं सोनं. मोटारसायकल पाच वर्षांत भंगारात जाणार, सोनं धाकट्या बहिणीच्या लग्नात. पण समोर परसात, उन्हाला पाठ करून, न्हाऊन बसलेल्या या पोरीचे केस गुडघ्याखाली उतरले होते, मनगटाएवढे जाड होते, आणि रोज फुकटात वाढत होते. मुद्दल शाबूत, व्याज चालू. असली ठेव कुठली सोसायटी देते?

पावणे वेळेच्या आधी पोचले म्हणून हा योग आला. बिद्रीकडच्या त्या वाडीत मुलगी दाखवायची तयारी अजून व्हायची होती. पुढं पोहे आले, मुलगी पदर सावरून समोर बसली, नाव-गाव-शिक्षण विचारून झालं. हंबीररावांनी तिचा चेहरा बघितला की नाही, हे त्यांच्या आई झुंबरबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. ते उठताना एवढंच म्हणाले, "आमाला हुंडा-बिंडा काय नको. नारळ आन् मुलगी."

त्यांचा धंदा तेलाचा होता. केसांच्या तेलाचा. आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर, दोन्ही कानांच्या वरून मागं फिरलेली एक झालर सोडली, तर काही उरलं नव्हतं. दात पडलेल्या माणसानं बाजारात ऊस सोलून दाखवावा, तसा तो धंदा चालला होता. गडमुडशिंगीतनं सायकलला पिशव्या लावून ते बाजार करायचे, डोक्याला कायम फेटा. गिऱ्हाईक बाटली हातात घ्यायचं, झाकण उघडून वास घ्यायचं, आणि मग हळूच फेट्याकडं बघायचं. त्या बघण्यात धंदा बुडायचा.

तर हुंडा नाकारल्याबद्दल गल्लीतल्या तालीम मंडळानं गणपतीत हंबीररावांचा सत्कार केला. शाल आली, नारळ आला, फळ्यावर रंगीत खडूनं "आदर्श तरुण" असं लिहिलं गेलं. सत्कारमूर्तींनी फेटा काढला नाही. तो त्यांनी मुलगी बघायला जातानाही काढला नव्हता, आणि लग्नात तर नवरदेवाला फेटा असतोच. त्यामुळं सासरवाडीला जे कळायचं ते दुसऱ्या दिवशी हळद उतरवायच्या आंघोळीला कळलं. चिमणाबाईनं ते टक्कल बघितलं आणि ती म्हणाली,

"आवं, आदी सांगितलं आसतं तर मी काय न्हाय म्हणणार हुते? आमच्या आबांचं बी आसंच हाय. खरं आबा तेल इकत न्हाईत."

हा टोमणा होता की समजूत, हे हंबीररावांना उमगलं नाही. बायकोला काय मिळालं याचा हिशेब त्यांनी मांडला नव्हता, त्यामुळं तिला काय कमी पडलं हेही कळायला मार्ग नव्हता.

तेलाचं नाव 'राणीसरकार केशतेल'. त्यात खोबरेल होतं, माक्याचा पाला नावापुरता, जास्वंदीची फुलं शेजारच्या कुंपणावर असतील तेवढी, आणि हिरवा रंग भरपूर. लग्नाआधी बाटलीवर कमळाचं चित्र असायचं. लग्नानंतर तिथं एक पाठमोरी बाई आली, तिचे केस बाटलीच्या बुडापर्यंत. आणि प्रत्येक बाजारात बाटल्यांच्या मागं एक उंच स्टूल मांडलं गेलं. त्यावर गिऱ्हाइकांकडं पाठ करून, केस मोकळे सोडून, चिमणाबाई.

झुंबरबाईंना हे पटलं नाही.

"सुवासिनीनं तिनीसांजला केस मोकळं सोडू न्हाईत म्हंत्यात. आन् तू तिला चव्हाट्यावर सोडाय लावतोयस."

"आई, बाजार सकाळी भरतोय," हंबीरराव म्हणाले. झुंबरबाई उठल्या आणि राणीसरकारची एक बाटली निरंजनासाठी घेऊन गेल्या. डोक्याला त्यांनी ते तेल कधी लावलं नाही. वात बरी जळते एवढं मात्र त्या मान्य करायच्या.

स्टुलानं जादू केली. आता फेट्याकडं कोण बघतंय? पोरी जवळ येऊन केसांची लांबी हातानं मोजायच्या, म्हाताऱ्या "दृष्ट काढत जा गं" म्हणायच्या, पुरुष लांब उभं राहून बघायचे आणि बायकोसाठी म्हणून बाटली न्यायचे. एखादा आगाऊ निघायचाच.

"काय पावणं, एवढं गुणाचं तेल, मग सवता का लावत न्हाईसा?"

"हलवाई सवता जिलबी खातुय का?" हंबीरराव सुनवायचे. "घरातलं सगळं गिऱ्हाइकाला. आमची ही नियत हाय."

लोक हसायचे आणि घ्यायचे. स्टुलावरची बाई हसायची की नाही, ते कुणाला दिसत नव्हतं. ऊन चढलं की तिच्या पाठीवर केसांची गोधडी व्हायची, मान आखडायची, तहान लागली तरी वळायचं नाही असा दंडक होता. एकदा ती म्हणाली, "आवं, मी बाटलीला लावल्याली चिठ्ठी हाय का बाईमाणूस?" हंबीररावांनी बाजार उरकल्यावर तिला उसाचा रस पाजला. प्रश्नाची भरपाई झाली असं त्यांनी धरलं.

खरी भरभराट मात्र जयसिंगपूरच्या बाजारात झाली, आणि ती एका चुकीतनं. आपल्याकडं बाई केस मोकळे सोडून, न बोलता, उंचावर बसली म्हणजे तिच्या अंगात आलेलं असतं. दुसरं कारण असू शकतं हे कुणाच्या मनात येत नाही. लांबच्या खेड्यातली एक म्हातारी आली, तिनं बाटल्यांकडं बघितलंसुद्धा नाही. स्टुलाखाली डोकं टेकवलं, चिमणाबाईच्या पावलावर हळद-कुंकू वाहिलं आणि विचारलं, "आई, सुनंचं केस मूठ-मूठ जात्यात. काय करू?"

चिमणाबाई पाठमोरीच म्हणाली, "तिला आदी जेवाय घाल. तुमी सगळी जेवल्यावर उरलंसुरलं नगं. संगट जेवाय बसीव."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी नारळ आणला, कुणीतरी खण. तोवर हंबीरराव सावध झाले होते. त्यांनी म्हातारीच्या हातात बाटली ठेवली आणि गंभीर आवाजात म्हणाले, "आन् हे लावाय सांगितलंय."

सांगितलं कुणी, हे ते बोलले नाहीत. हंबीरराव खोटं कधी बोलत नसत. अर्धं वाक्य बोलायचे आणि उरलेलं अर्धं गिऱ्हाइकाकडून पूर्ण करून घ्यायचे.

चार-पाच वर्षांत सायकल जाऊन टेंपो आला. आणि जयसिंगपूरचे मोठे व्यापारी जोतीराम आले. साबण, काड्यापेटी, चहापत्ती, अगरबत्ती. शिरोळ तालुक्यातल्या कुठल्या दुकानात काय दिसावं हे जोतीरामांच्या गोदामात ठरायचं. त्यांनी राणीसरकारची एजन्सी घ्यायची तयारी दाखवली. पाच तालुके. बाजारोबाजार हिंडणं बंद. हंबीररावांना घरी बसून तेल हिरवं करायचं तेवढं काम राहणार होतं.

"खरं एक अट हाय," जोतीराम म्हणाले. "आमची मंडळी लई चौकस हाय. संक्रातीला आमच्या वाड्यावर हळदी-कुंकू आसतंय, सगळ्या दुकानदारांच्या बायका येत्यात. तवा वैनींस्नी घिऊन या. आमची मंडळी सगळ्यांसमोर त्यांच्या केसाला आपल्या हातानं तेल लावंल. बायकांनी बघितलं की माल आपसुक चालतोय."

हंबीरराव हसत हसत हो म्हणाले. अशी अट कुणी मागून घेतली असती, इतकी ती सोयीची होती. त्याच भरवशावर त्यांनी नव्या बाटल्यांचा टेंपो भरून आणला आणि बाजार बंद केले. चिमणाबाई तेव्हा पोटुशी होती, स्टुलावर बसवणं तसंही बरं दिसत नव्हतं.

आषाढात मुलगी झाली, अंजना. गणपती आले तोवर घरात सगळं गोडीगुलाबीत होतं. गणपती गेले आणि चिमणाबाईच्या फणीत केस यायला लागले. आधी चिमूटभर, मग मूठभर, मग न्हाणीच्या मोरीत बोळा अडकून पाणी तुंबलं. हंबीररावांनी तो बोळा काठीनं वर काढला. मेलेलं मांजर बघावं तसे ते बघत राहिले. ठेव मोडत होती, आणि ती आपण मोडत नव्हतो.

"तेल लाव," ते म्हणाले.

"कंचं?"

"कंचं म्हंजे? आपलं."

"आवं, गिऱ्हाइकाला सांगा ते. मला कशापाय सांगताय?" ती म्हणाली, आणि पोरीला पाजायला आत गेली.

गुंतवळ मात्र ती फेकत नव्हती. फणीतले केस बोटाला गुंडाळून एका पिशवीत साठवायची. गल्लीतल्या सगळ्याच बायका साठवायच्या. महिन्या-दोन महिन्यांनी एक बाई यायची, गुंतवळ तागडीत टाकायची आणि बदल्यात सुया-टाचण्या द्यायची. चिमणाबाईच्या पिशवीवर त्या बाईचा फार दिवसांपासून डोळा होता.

दसऱ्याच्या सुमाराला हंबीरराव बायकोला घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीत कातडीच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर मनाली कांबळे वयानं लहान होत्या, पण दवाखान्याबाहेर चपलांचा ढीग होता. त्यांनी चिमणाबाईचे केस बाजूला करून टाळू बघितली, डोळ्यांची खालची पापणी ओढून रक्त बघितलं, बाळ केवढं ते विचारलं.

"बाळंतपणानंतर असे गळतात, ताई. घाबरायचं काही नाही. मुळं चांगली आहेत. वर्षभरात आपोआप भरून येतील. रक्त कमी आहे, त्याच्या गोळ्या देते, आणि नीट जेवायचं. तेल कुठलं लावता?"

हंबीरराव खुर्चीत पुढं सरकले.

"माहेरात दही आन् शिककाई हुती, तीच लावते," चिमणाबाई म्हणाली. "तेल कंचंच न्हाय. ह्येंचं तेल हाय केसाचं, खरं त्याचा वास मला सोसत न्हाय."

पाच वर्षं जो प्रश्न विचारायचं हंबीररावांच्या डोक्यात आलं नव्हतं, त्याचं उत्तर त्यांना परक्या बाईसमोर मिळालं. पण धंदेवाला माणूस तोंडावर काही दाखवत नाही.

"डॉक्टर, संक्रातीपर्यंत भरून याय काय औषध?"

"संक्रांतीला केसांचं काय काम आहे?"

"न्हाय, सणवार असतोय."

"इतक्या लवकर नाही होत. आणि बाळ अंगावर पितंय, उगीच काही लावायचं नाही."

हंबीररावांनी जरा इकडं-तिकडं बघितलं. "आन् पुरुषांच्यासाठी काय आसतंय का? एक मित्र हाय माझा. त्येचं जरा विरळ झालंय."

"मित्राचं वय?"

"माझ्यायेवढाच आसंल."

"मित्राला फेटा काढायला सांगा," डॉक्टर म्हणाल्या.

मित्रानं फेटा काढला. चिमणाबाई खिडकीतनं बाहेर बघायला लागली. डॉक्टरांनी टक्कल बोटानं दाबून पाहिलं आणि त्या न हसता बोलल्या, हे त्यांचं कौशल्यच. त्यांनी सांगितलं की एक द्रव औषध आहे. कोरड्या टाळूवर, सकाळ-संध्याकाळ, मोजून थोडंसं. चोळायचं नाही, पसरायचं. हात लगेच धुवायचे, तोंडावर ओघळू द्यायचं नाही. आधी थोडे केस जास्तच गळतील, घाबरून सोडायचं नाही. चार-सहा महिन्यांनी आलंच तर माथ्यावर काही येईल. इतकं जुनं टक्कल आहे, फार आशा नको. आणि थांबवलं की आलेलं जाईल. म्हणजे लावायचं ठरवलं तर कायमचं.

हंबीररावांनी यातलं त्यांच्या कामाचं तेवढं ऐकलं: माथ्यावर काही येईल. परत येताना रिक्षात त्यांचा हिशेब पुरा झाला. बायकोच्या केसांनी दगा दिला, तर संक्रांतीला आपलं डोकं दाखवायचं. पाच तालुक्यांचा व्यापारी, त्याच्यासमोर फेटा काढायचा आणि म्हणायचं, बघा, राणीसरकार. जन्माचा टकल्या, त्याला पालवी फुटली. यापुढं बाईची वेणी काय चीज आहे?

औषधाची बाटली एवढीशी निघाली. आणि एवढंसं लावून गुण येतो, हे कोल्हापूरच्या माणसाला पटणार कसं? हंबीररावांची उमर तालमीत गेलेली. तिथं तेल वाटीनं ओततात, अंगात जिरेपर्यंत रगडतात, आणि घाम आणि तेल वेगळं करता येईना तेव्हा मालिश झाली म्हणतात. थेंब मोजणं म्हणजे चिक्कूपणा. त्यांनी औषध राणीसरकारमध्ये कालवलं आणि तालमीतल्या केरबाला बोलावलं. केरबा मालिशवाला, त्याच्या हाताखालनं मोठे मोठे पैलवान गेले होते.

"डोस्कं रगड," हंबीरराव म्हणाले. "कपाळ, कानशिलं, मान, सगळं. मुळापतुर गेलं पायजे."

"कशाचं तेल हाय ह्ये?"

"तुला काय करायचंय? हिसका कमी पडू दिऊ नगंस."

केरबानं हिसका कमी पडू दिला नाही. रोज सकाळी हंबीरराव परसात पाटावर बसायचे, केरबा मागं उभा राहायचा, आणि तेल टाळूवरून कपाळावर, कपाळावरून गालावर, गालावरून कानात उतरायचं. महिन्याभरात जी झालर होती तीसुद्धा विरळ झाली. हे मात्र डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांना आठवलं, म्हणून त्यांनी माप दुप्पट केलं. छाती अधूनमधून धडधडायची. ती एजन्सीच्या काळजीनं, असं त्यांनी ठरवलं.

मार्गशीर्षात गुण आला. माथ्यावर, नीट उजेडात बघितलं तर, कोवळ्या भेंडीवर असते तेवढी लव आली. आणि बाकीचं पीक भलतीकडं उगवलं. भुवयांच्या वर कपाळभर काळसर झाक आली, गालफडांवर डोळ्यांच्या काठापर्यंत, आणि कानांच्या पाळ्या तर वाऱ्यावर हलायला लागल्या.

झुंबरबाईंनी मुलाला उजेडात धरून बघितलं. "आरं हंबीर, आस्वलाचं दूध प्यालास का काय?"

केरबाही तक्रार घेऊन आला. त्याच्या मनगटावर आणि बोटांच्या पेरांवर दाट केस उगवले होते. "मालक, माझी बायकू म्हंतीया हात धुऊन जेवाय बस. धुतलं तरी जाईनात. आता तुमी दुसरा माणूस बगा."

आता डोकं दाखवायचा बेत बारगळला. हंबीररावांनी न्हाव्याकडं जाऊन कपाळासकट दाढी करून घेतली आणि पुन्हा बायकोच्या केसांकडं वळले. ते खांद्यापर्यंत जेमतेम भरत होते, खाली शेपटीसारखा एक झुपका. महाद्वार रोडवर त्यांनी वेणीला जोडायची गंगावनं बघितली, पण तयार गंगावन कमरेपर्यंत, बाटलीवरची बाई गुडघ्यापर्यंत.

"माज्याकडं गुंतवळ हाय की," चिमणाबाई म्हणाली. "माजंच केस. ती टाचण्यावाली बाई वळून देती. गुडघ्याखाली जाईल."

हंबीररावांना बायकोचा एकदम अभिमान वाटला. म्हणजे लबाडीसुद्धा होणार नव्हती. केस तिचेच. अर्धं वाक्य खरं.

संक्रांतीला ते टेंपोनं जयसिंगपूरला गेले. चिमणाबाई काळ्या चंद्रकळेत, पाठीवर गुडघ्याखाली उतरलेली वेणी, कडेवर अंजना. हंबीररावांचा फेटा भुवयांपर्यंत ओढलेला. सोप्यात जोतीराम आणि दोन-चार दुकानदार बसले होते. आत माजघरात बायकांची गर्दी. हळदी-कुंकवात पुरुषाला काय काम? हंबीररावांना पडद्याच्या फटीतनं जेवढं दिसेल आणि ऐकू येईल तेवढ्यावर भागवायचं होतं.

जोतीरामांच्या पत्नी धोंडुबाई मधोमध बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर पिन लावून घट्ट बसवलेला. त्यांनी राणीसरकारची बाटली उघडली, तेल तळहातावर घेतलं.

"या वैनी, बसा पुढ्यात. सोडा वेणी."

हंबीररावांच्या छातीत पुन्हा धडधडलं. या वेळी कारण खरं होतं. गंगावनाला तेल चोळलं तर गाठ सुटणार, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. घरात तीन महिने सगळा विचार केला, एवढा एक राहून गेला होता.

चिमणाबाई पुढ्यात बसली. पण पाठ करून नाही, तोंड करून.

"ताई, तुमी कशाला हात तेलकट करताय," ती म्हणाली. "संक्रांत हाय, आदी माजं वाण घ्या."

तिनं मानेमागं हात नेला, एक आकडा काढला, आणि ती सगळी वेणी सुटी करून दोन्ही हातांवर घेतली. हळद-कुंकू वाहिलं, वर तीळगूळ ठेवला आणि धोंडुबाईंच्या ओटीत घातली.

"माजंच केस हाईत. बाळातपणात गळल्यालं. डॉक्टर म्हंत्यात परत येत्यात. तवर घरात ठिऊन काय करू?"

हंबीररावांनी पडदा धरून ठेवला, कारण हाताला धरायला दुसरं काही नव्हतं. संक्रांतीचं वाण परत करता येत नाही. विंचू दिला तरी सवाष्णीनं तो ओटीत घ्यावा, असा रिवाज. धोंडुबाईंनी वेणीवरून हात फिरवला. एकदा, दोनदा. मग त्यांनी पदराची पिन काढली.

पदराखाली भांग होता, पण तो रेघेसारखा नव्हता. मधला भांग रुंद होत होत त्याचा गाडीरस्ता झाला होता.

"तीन वर्सं लावतीया ह्येंचं तेल," धोंडुबाई म्हणाल्या. "रोज. ह्येच्यासाठीच तर तुमास्नी बलीवलं, म्हटलं सवता डोळ्यांनी बगू. तुमी कसं लावता?"

"मी कदी लावलंच न्हाय, ताई."

कोण आधी हसलं ते कळलं नाही. पण एकदा हसू फुटल्यावर ते थांबेना. कुणी म्हणालं, माझ्या बाटलीनं उशीची खोळ हिरवी झाली. कुणी म्हणालं, आमच्यात बिजागरीला घालतात, दार करकरत नाही. हंबीररावांना आपल्या मालाचे इतके उपयोग ठाऊक नव्हते.

"मग लावायचं काय?" एका तरुण बाईनं विचारलं.

"ते बाटलीवाल्याला न्हाय, डॉक्टरला इचारायचं," चिमणाबाई म्हणाली. "माजं आपसुक येणार हाय. ताईंचं भांगाचं निराळं आसंल, त्येला बायकांचं औषध आसतंय म्हणं, टाळूवर लावायचं, रोज, लई दीस. आन् मापात. माप सोडलं की काय हुतंय ते आमच्या घरात बगाय या."

सोप्यात जोतीरामांनी हे सगळं ऐकलं होतं. वाड्याचा पडदा पातळ होता. त्यांनी पानाचा विडा तोंडात टाकला आणि हंबीररावांकडं सावकाश बघितलं. कपाळाची दाढी सकाळी घाईत झाली होती. फेट्याच्या काठाखालनं खुंट दिसत होते.

"पावणं, ह्ये कपाळावर काय हो?"

"गुण हाय," हंबीरराव म्हणाले. जुनी सवय जात नाही.

"म्हणूनच नगं," जोतीराम म्हणाले. "आमच्या दुकानदारास्नी बायका-पोरं हाईत."

तेवढ्यात धोंडुबाई पडद्याआडून बोलल्या. वेणी त्यांनी लावलीसुद्धा होती. आवाजातच ते कळत होतं. "आवं, ऐकताय न्हवं? तेल ऱ्हाऊ द्या. ह्ये गंगावन लई झ्याक हाय. आमच्यात चौघी जणी मागाय लागल्यात. कुठं मिळतंय इचारा की."

जोतीराम व्यापारी होते. ते पडद्याकडं वळले. "वैनी, आसली किती वळून देशीला?"

हंबीररावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. जोतीरामांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "तुमी ऱ्हावा. आमी वैनींशी बोलतोय."

त्यानंतरचा हिशेब सरळ आहे. चिमणाबाईचे केस डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं वर्षात भरून आले. तिनं ते कमरेवर कापले, अंबाडा बांधला, आणि पुन्हा स्टुलावर बसली नाही. तिच्या केसांची मोठी वेणी गेली, पण ती तशीही जाणारच होती. बदल्यात तिची पाठ सुटली. जोतीरामांना तेलाऐवजी गंगावनं मिळाली, त्यांचं काही बिघडलं नाही. व्यापाऱ्याचं बिघडत नसतं. धोंडुबाईंनी मनाली डॉक्टरांचं औषध धरलं आणि सोडलं नाही. भांग पुरता बुजला नाही, पण रस्त्याची पायवाट झाली. हंबीररावांनी औषध रागानं बंद केलं. माथ्यावरची लव आधी गेली. कपाळावरची मागं राहिली आणि दिवाळीपर्यंत न्हाव्याला पुरली. केरबानं त्यांच्या घराची पायरी पुन्हा चढली नाही. हिरव्या बाटल्यांचा टेंपो झुंबरबाईंनी वर्षानुवर्षं निरंजनात जाळला. हंबीररावांना बसला तो एवढाच चटका, आणि त्यातनं सावरायला त्यांना फार वेळ लागला नाही. लवकरच ते गंगावनांचे गठ्ठे पोचवायला टेंपो चालवू लागले. फेटा सोडून टोपी धरली. कुणी विचारलं तर सांगायचे, "धंदा आमच्या मंडळींचा हाय. मी फकस्त गाडीवर आसतोय."

धंदा चालायला गुंतवळ लागायची, आणि ती पुष्कळ लागायची. टाचण्यावाल्या बाया आता खेड्यापाड्यांतनं पिशव्या भरभरून आणायच्या. चिमणाबाईनं सुयांच्या बरोबर एक साबणाची वडी द्यायला सुरुवात केली, म्हणून लोक तिला दानशूर म्हणायचे. ती गुंतवळ त्याच बाजारांतल्या बायकांची होती, ज्यांनी अंडी आणि ताक विकून पाच वर्षं राणीसरकार घेतलं होतं. ते लावूनही जे केस गळले, ते त्यांनी वडी-सुयांवर दिले. मग ते वळून, विंचरून, रिबीन लावून त्याच बाजारात परत आले, आणि भांग रुंद होत चाललेल्या त्याच बायकांनी, पदराच्या गाठी सोडून, आपापले केस पुन्हा विकत घेतले.